हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो: आधी घड्याळ, मग लेन्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स घेऊन तुम्ही महिनाभर दर रविवारी पाणवठ्यावर जाताय. पक्षी भरपूर दिसतात, पण फोटोत एवढासा ठिपका येतो. त्यातल्या त्यात मोठा आला तर हललेला, नाहीतर काळा. शटर तुम्ही १/१०० सेकंदावर ठेवताय. आता ६०० ची लेन्स घ्यावी का, आणि सेटिंग काय ठेवावं?

लेन्स आत्ता घेऊ नका. का, ते आकड्यांतच सांगते. धोबी पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १८ सेंटीमीटर. तो ३० मीटरवर असेल तर ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम १.८ मिलिमीटरची पडते. तुमच्या सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पक्षी फ्रेमच्या तेराव्या हिश्शात. तोच पक्षी १० मीटरवर आला की ५.४ मिलिमीटर, जवळजवळ पाव फ्रेम. ५ मीटरवर आला तर अर्ध्या फ्रेमच्या जवळ जातो. ६०० ची लेन्स ३० मीटरवरून जेवढा पक्षी देईल, तेवढाच तुमची ३०० ची १५ मीटरवरून देते. शिवाय मधल्या १५ मीटरमधलं धुकं, धूळ आणि हवेची थरथर वाचते ती वेगळीच.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की ३० मीटरचे ८ मीटर कसे करायचे. तुम्ही पक्ष्याकडे चालत जाऊन पाहिलंच असेल. तुम्ही दहा पावलं जाता, तो बारा पावलं पुढे सरकतो, आणि शेवटी उडून समोरच्या काठावर बसतो. अंतर कमी करायचं काम पक्ष्याकडे सोपवायचं आणि आपण बसायचं. हिवाळ्यात हे जमतं, आणि ते का जमतं हे नीट कळलं की तुमचे निम्मे प्रश्न सुटतात.

लहान पक्ष्याचा हिवाळा म्हणजे आखूड दिवस आणि लांब रात्र. रात्रभर अंग गरम ठेवायला साठवलेली चरबी जळते. चिमुकले पक्षी एका थंड रात्रीत आपल्या वजनाचा दहावा हिस्सा सहज गमावतात, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या मोजक्या तासांत भरून काढावा लागतो. त्यामुळे या दिवसांत पक्षी उगाच हिंडत नाही. जिथे खात्रीने काही मिळतं तिथे तो पुन्हा पुन्हा येतो, आणि बऱ्याचदा वेळेवर येतो.

निक डेव्हिस या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ थेम्सच्या काठी हिवाळ्यात धोबी पक्ष्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. नदीच्या पाण्याबरोबर वाहत येणारे किडे काठाला लागतात, तेच त्यांचं खाणं. एकेका पक्ष्याने काठाचा एकेक पट्टा आपला म्हणून राखलेला असतो. या काठाने वर, त्या काठाने खाली अशी तो फेरी घालतो, आणि फेरीला साधारण ४० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पहिल्या जागी नवे किडे येऊन साचलेले असतात. आत्ताच वेचून झालेल्या काठावर तो लगेच परतत नाही, कारण तिथे काही उरलेलंच नसतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी बसायची पद्धतच बदलली. तोवर पक्षी उडाला की मी पाच मिनिटं थांबायचे आणि कंटाळून उठायचे. म्हणजे तो परत यायच्या बऱ्याच आधी.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात मी एकाच ओढ्याच्या एकाच वळणावर बसायचं ठरवलं. पाण्यात तीन दगड होते. दोन स्वच्छ, आणि एकावर पांढऱ्या विष्ठेचे सुकलेले ओघळ. जागा निवडताना हा पुरावा सगळ्यात भरवशाचा, मग दगड असो, खुंट असो की वाळकी फांदी. पहिल्या सकाळी कॅमेरा बॅगेतच ठेवून फक्त वेळा लिहिल्या. सात वाजून दहा मिनिटं, सात पस्तीस, आठला दोन कमी. म्हणजे दर पंचवीस मिनिटांच्या आसपास फेरी. धोबी नेहमी खालच्या अंगाने यायचा, काठाच्या ओल्या पट्टीवरून. पाचसहा पावलं तुरुतुरु धावायचा आणि थबकायचा. थबकला की मान किंचित तिरपी, एक डोळा पाण्याच्या कडेवर. चोच मारायची, पुन्हा धाव. त्या ओघळांच्या दगडावर तो शेवटी चढायचा, आणि तिथे तीनचार सेकंद काहीही न करता उभा राहायचा. या तीनचार सेकंदांसाठी दुसऱ्या सकाळी मी साडेसहाला दगडापासून सात मीटरवर जाऊन बसले. फोटो त्या थबकण्याचा घ्यायचा असतो, धावण्याचा नव्हे. आणि तो उभा असला तरी शेपटी वरखाली चालूच असते. शटर १/२५० ठेवलं की अंग स्वच्छ आणि शेपटी पुसट येते. मला ते आवडतं, पण शेपटीही स्वच्छ हवी असेल तर १/१००० च्या वर जा.

आता बसायचं कसं ते. उभा माणूस पक्ष्यांना लांबून ओळखू येतो. साधारण १९०० च्या सुमारास इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी बैलाचं कातडं चढवलेला पोकळ सांगाडा करून घेतला होता आणि त्याच्या आत उभं राहून ते पक्ष्यांचे फोटो काढायचे. कुरणातल्या पक्ष्यांना बैलाची भीती नव्हती. तुम्हाला बैल लागणार नाही, पण तत्त्व तेच आहे. आपला माणसाचा आकार मोडायचा. झुडपाला किंवा बांधाला पाठ लावून जमिनीवर बसा, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर डोकं आणि खांदे दिसत नाहीत. मातकट, मळकट कपडे घाला. पूर्ण लष्करी छापाचे लागत नाहीत, पण चेहरा आणि हात झाका, कारण हालतात आणि चमकतात ते तेच. गाडी काठापर्यंत जात असेल तर गाडीत बसा. काच खाली, त्यावर धान्य भरलेली छोटी पिशवी, पिशवीवर लेन्स, आणि इंजिन बंद. चालू इंजिनाची थरथर फोटोत उतरते.

दोन गोष्टी फार कमी लोक सांगतात. पहिली, उजाडायच्या आधी जागेवर असा. पक्ष्याने तुम्हाला येताना पाहिलंच नाही तर तुम्ही तिथलेच ठरता. दुसरी, कॅमेरा आधीच डोळ्याशी लावून ठेवा. पक्षी आल्यावर लेन्स वर उचललीत तर त्याच्या दृष्टीने एक मोठा काळा डोळा अचानक त्याच्याकडे वळतो. हात दुखतात म्हणूनच ती पिशवी किंवा छोटा ट्रायपॉड हवा.

जमिनीवर बसण्याचा आणखी एक फायदा फोटोतच दिसतो. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आली की मागची जमीन लांब जाते आणि धूसर होते, पक्षी वेगळा उठून दिसतो. उभं राहून काढलेल्या फोटोत त्याच्यामागे हातभर अंतरावर चिखल असतो, आणि चिखलही तितकाच स्पष्ट येतो. कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर वळत असेल तर तो वापरा, आडवं पडायची गरज नाही.

पक्षी जवळ आल्यावर त्याच्याकडे पाहत राहा, फ्रेमकडे नंतर. खाणं थांबलं, मान ताठ झाली, फुललेली पिसं एकदम अंगाला चिकटली, पाय बदलायला लागला, तर तुम्ही त्याला नकोसे झालात. बदकं असतील तर आधी एकत्र गोळा होतात आणि मग सगळी मिळून तिरकी लांब सरकू लागतात. अशा वेळी हात खाली घ्या, नजर जमिनीकडे वळवा, मिनिटभर हलू नका. बऱ्याचदा पिसं पुन्हा फुलतात आणि खाणं सुरू होतं. नाही झालं तर त्या दिवशी तेवढ्यावरच उठा. थंडीत पक्षी पिसं फुलवून बसतो ती ऊब टिकवण्यासाठी, पिसांत हवा कोंडून. एक पाय पोटाखाली घेतो तोही त्याचसाठी. त्याला उडवलंत की ती सगळी बचत गेली, आणि उडण्याचा खर्च वेगळा. एकदा उडाला तर तो भागवेल. पण त्याच पाणवठ्यावर एका सकाळी दहा जण प्रत्येकी एकदा उडवत असतील, तर त्याचा दिवस संपला. हे मी फार गांभीर्याने सांगते आहे.

वारा आणि ऊन एकत्र बघायची सवय लावा. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर उतरणारं प्रत्येक बदक तुमच्याकडे तोंड करून येईल. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील. ऊनही पाठीशी आणि वाराही पाठीशी, अशी सकाळ मिळाली की उडत्या पक्ष्यांचा सराव करायचा तो त्या दिवशी. बाकी दिवशी बसलेल्या पक्ष्यांवर समाधान माना. उडण्याआधीच्या खुणाही आहेत. बदकं मान वरखाली झटकायला लागतात, शिकारी पक्षी बहुधा विष्ठा टाकतो आणि पुढे झुकतो. तुमचं बोट तेव्हाच शटरवर हवं.

हिवाळ्याचा सूर्य दुपारीही फारसा वर चढत नाही, त्यामुळे तिरपं, मऊ ऊन उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ मिळतं. ते पाठीशी घेतलं तर रंग नीट येतात, आणि काही पक्ष्यांच्या बाबतीत तर त्याशिवाय रंग येतच नाही. खंड्याचा निळा हा रंगद्रव्याचा रंग नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरल्यामुळे तो दिसतो. सावलीत तोच खंड्या मळका वाटतो. मॅलार्ड बदकाच्या नराचं हिरवं डोकं पाहा. त्याने मान जराशी वळवली की ते जांभळं होतं, आणखी वळवली की काळं. प्रकाश समोरून पडेल तेवढ्याच कोनात ते झळकतं, तोवर थांबा. धुक्याच्या सकाळी मात्र मी उलटं करते, सूर्याकडे तोंड करून बसते. पाण्यावरून वाफ उठत असते, राखी बगळा त्यात नुसती रेघ होऊन उभा असतो. तिथे पिसांचा तपशील शोधू नका, आकृती स्वच्छ दिसू द्या.

सेटिंगबद्दल. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, आयएसओ ऑटोवर. शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) तुम्ही ठरवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) कॅमेरा सांभाळेल. बसलेल्या पक्ष्याला सुरुवात १/१००० ने करा, अगदी स्तब्ध असेल तर १/५०० पर्यंत उतरा, उडत्याला १/२००० किंवा वर. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात थोपवतं, पक्ष्याची मान थोपवत नाही, म्हणून १/१०० ला काढलेले फोटो हललेले आले. अ‍ॅपर्चर एफ ५.६ वर असू द्या. ३०० ला ५ मीटरवर तेव्हा फोकसची खोली साधारण ६ सेंटीमीटर असते. चोच तुमच्याकडे असेल तर शेपूट धूसर होणारच. ते चालतं, डोळा नेमका हवा. ऊन भरपूर असेल तर एफ ८ करा, या जातीच्या बऱ्याच लेन्स ३०० च्या टोकाला भोक थोडं बंद केल्यावर जास्त स्पष्ट होतात.

आयएसओ ३२०० पाहून घाबरू नका. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर बराच निघतो, हललेला फोटो कधीच सुधारत नाही. आणि कमी आयएसओवर काळा काढून नंतर उजळवलेला फोटो सुरुवातीलाच नीट उजेड दिलेल्या फोटोपेक्षा बऱ्याचदा जास्त दाणेदार होतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये काढा.

काळे येतात त्याचं कारण वेगळं आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. मागे उजळ आकाश असलं की तो आकाश करडं करतो आणि पक्षी काळा पडतो. तिथे एक्स्पोजर १ ते दीड स्टॉप वर घ्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). बर्फ असेल तर तेच, १ ते २ स्टॉप वर, नाहीतर बर्फ राखेसारखा येतो. गडद पाण्यासमोर पांढरा बगळा असेल तर उलट, पाऊण ते एक स्टॉप खाली, कारण मीटर पाणी उजळवायला जातो आणि बगळ्याची पिसं पांढऱ्या डागात विरून जातात. एक फोटो काढा, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) पाहा, उजव्या भिंतीला टेकला असेल तर खाली घ्या. हे पक्षी येण्याआधी त्याच दगडावर करून ठेवायचं.

फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर आणि एकाच बिंदूवर किंवा लहानशा चौकोनावर ठेवा. पानगळीनंतर झाडं उघडी पडतात, पक्षी दिसतात, पण काटक्याही तितक्याच. सगळ्या बिंदूंवर सोडलंत तर कॅमेरा पक्ष्यापुढची काटकीच धरतो. डोळा ओळखणारे नवे कॅमेरे हे काम छान करतात, तरी दाट काटक्यांत तेही गोंधळतात. आणि एक गोष्ट लेन्सची चूक समजून कितीतरी जण लेन्स दुरुस्तीला देतात. थंड सकाळी ऊन वर आलं की जमीन आणि पाणी यांवरची हवा लहरू लागते. ४० मीटरवरचा पक्षी अशा वेळी कुठल्याच लेन्सने स्पष्ट येत नाही, दहा फोटो काढलेत तर दहाही वेगवेगळे पुसट येतील. उपाय एकच, अंतर कमी करा किंवा ढग येईपर्यंत थांबा. गाडीत हीटर चालू ठेवून उघड्या खिडकीतून फोटो काढलात तरी हेच होतं.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. दुसरी बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. बाहेर काढलेलीही खिशात गरम झाली की थोडी परत चालते. पण जास्त काळजी घ्यायची ती परत आल्यावर. एकदा मी गारठलेला कॅमेरा घेऊन थेट उबदार खोलीत आले आणि उत्साहात बॅग उघडली. दोन मिनिटांत पुढच्या काचेवर पाणी, मग आतल्या काचेवरही. पुसता येईल अशी ती जागा नव्हती. वरवर ते निघून गेलं, पण पुढच्या पावसाळ्यात त्या लेन्सच्या आत बुरशीचे धागे दिसले. तेव्हापासून कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढून घेते, कॅमेरा घट्ट बंद पिशवीत घालते आणि तासदोन तास पिशवीला हात लावत नाही. दमटपणा पिशवीच्या बाहेर साचतो.

घुबडांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवख्याला त्यांचा मोह सगळ्यात जास्त होतो. दिवसा झोपलेलं घुबड जवळ जाऊ देतं, म्हणून ते निर्धास्त आहे असं वाटतं. काही जातींची घुबडं घाबरली की अंग आवळून बारीक, उभट होतात आणि कानांसारखे दिसणारे तुरे ताठ करतात. आपल्याला वाटतं, काय सुंदर पवित्रा आहे. तो भीतीचा असतो. उडालंच तर कावळे दिवसाढवळ्या त्याच्यामागे लागतात. लांबून दोन फोटो घ्या आणि निघा, आणि जागा कोणालाही सांगू नका, फोटोतली जीपीएसची नोंदही काढून टाका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. हद्द राखणारा पक्षी धावून येतो, नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावत बसतो, आणि तेवढा वेळ त्याचं खाणं बंद असतं.

घरी आल्यावर आधी फक्त डोळा तपासा. स्पष्ट नसेल तर पुढचं काही पाहू नका, फोटो पुसा. पुष्कळ फोटोंत डोळा दुधाळ दिसेल. ती आतली पारदर्शक पापणी आहे, पक्षी ती क्षणभर मिटतो. म्हणूनच तीनचार फोटोंचे छोटे बर्स्ट, म्हणजे एका दमात सलग फोटो, घ्यायचे. तीनशेतून चार राहिले तर सकाळ चांगली गेली.

या रविवारी कॅमेरा बाहेर काढू नका. एक पक्षी निवडा, वही घ्या, तो कुठून येतो, कशावर बसतो, किती मिनिटांनी परततो ते तीन फेऱ्यांपर्यंत लिहा. पुढच्या रविवारी त्या दगडापाशी उजाडायच्या आधी जाऊन बसा. असे चारपाच पक्षी ८ मीटरवर मिळाले की मग पाहा, कोण उरतं. पाण्याच्या मधोमध तरंगणारी बदकं उरतील, उंच घिरट्या घालणारा शिकारी उरेल, पलीकडच्या चिखलात चरणारे तुतवार उरतील. ते तुमच्याकडे येणार नाहीत, कितीही बसलात तरी. त्यांच्यासाठी ६०० ची लेन्स घ्या.